सहृदयाच्या शोधात : शीमा किरमानी यांच्या निमित्ताने

नर्तकीचे चरित्र लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आधी घराणे, मग गुरू, मग पदार्पण, परदेश दौरे, मानसन्मान आणि अखेरीस शिष्यांची नामावळी. या साच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे समोर बसलेला प्रेक्षक. तो कुठून आला, त्याला मुद्रा कशा कळतात, वर्णम् चालू असताना तो घड्याळाकडे का पाहत नाही, असले प्रश्न चरित्रकाराला पडत नाहीत. कराचीच्या शीमा किरमानी यांच्याविषयी वाचू लागलो आणि हे प्रश्न आम्हांला प्रथमच चरित्राच्या केंद्रस्थानी दिसले. ज्या भूमीत नृत्य पाहणारा डोळाच हळूहळू मिटत गेला, तेथे एका बाईने चार दशकांहून अधिक काळ भरतनाट्यम् आणि ओडिसी नाचत राहणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

त्यांना सिंधी नर्तकी म्हणावे काय, येथूनच अडचण सुरू होते. त्यांचा जन्म १९५१चा, रावळपिंडीचा. वडील लष्करात अधिकारी. घर उर्दूभाषक, आणि त्या घराची नाळ लखनौ व दख्खनचे हैदराबाद या शहरांशी जुळलेली. म्हणजे वंशाने वा मातृभाषेने त्या सिंधी नव्हेत. परंतु त्यांचे शिक्षण, साधना, अध्यापन आणि संघर्ष हे सारे सिंधच्या भूमीवर घडले.

याउलट ज्यांची मातृभाषा सिंधी, अशी लक्षावधी माणसे १९४७नंतर ती भूमी सोडून आली. त्यांतील पुष्कळ जण कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरले, आणि त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. त्यांची भाषा १९६७ साली आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. भारतात मात्र तिला स्वतःचा असा प्रांत नाही. फाळणीने सिंधी या शब्दाचे असे दोन तुकडे केले : एकाकडे भाषा गेली, दुसऱ्याकडे भूमी राहिली. किरमानी भूमीच्या बाजूच्या. म्हणून या लेखात आम्ही त्यांना सिंधच्या नर्तकी म्हणू.

मराठी वाचकाला ही भूमी वाटते तितकी परकी नाही. १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा प्रांत होईपर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. सिंधी भाषेतील शालेय शिक्षणासाठी झटलेले शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ, आणि त्यांच्या नावाची शाळा कराचीत आजही उभी आहे. एकेकाळी कराची हे मराठी माणसाच्या बदलीचे, नोकरीचे गाव होते. ते परदेश झाले आणि तेथील कलाजीवन आपल्या दृष्टीआड गेले.

फाळणीनंतरच्या कराचीत शास्त्रीय नृत्य अगदीच नव्हते असे नाही. कलकत्त्याहून आलेले घनश्याम दांपत्य तेथे रिदमिक आर्ट सेंटर ही संस्था चालवीत असे. श्री. घनश्याम हे उदय शंकर यांच्या परंपरेत तयार झालेले. त्यांच्याकडे किशोरवयीन शीमा नृत्य शिकू लागल्या. लहानपणी त्या पियानोही शिकल्या होत्या, पुढे लंडनजवळच्या क्रॉयडन येथे चित्रकलेचे शिक्षण घेतले. परंतु परतल्यावर त्या घनश्याम यांच्याच संस्थेत शिकवू आणि नाचू लागल्या.

५ जुलै १९७७ रोजी जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता हाती घेतली. त्यानंतरच्या काळात नृत्य हे धर्मबाह्य, म्हणून सार्वजनिक जीवनातून हद्दपार, अशी अवस्था आली. लाहोरच्या कथक नर्तकी नाहीद सिद्दीकी यांचा दूरचित्रवाणीवरील ‘पायल’ हा कार्यक्रम बंद करण्यात आला आणि पुढे त्या ब्रिटनला गेल्या. धमक्यांना कंटाळून घनश्याम दांपत्यानेही १९८३मध्ये कराची सोडली. त्यांच्यामागे शहरात हे नृत्य शिकलेली आणि ते सोडायला तयार नसलेली जी थोडी माणसे उरली, त्यांत शीमा किरमानी होत्या. १९८४ साली, लष्करी कायदा जारी असताना, त्यांनी कराचीत आपला पहिला एकल कार्यक्रम केला.

साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना बंदी ही कल्पना नवी नाही. आपण वर्गात जप्त पुस्तकांविषयी बोलतो, तुरुंगातील कवींविषयी बोलतो. त्याच झियाकाळात फहमीदा रियाझ या कवयित्रीला देश सोडून भारतात आश्रय घ्यावा लागला. पण त्यांची कविता त्यांच्याबरोबर आली, आणि मागेही राहिली. वहीत उतरून घेतलेली, पाठ केलेली, उशीखाली दडवलेली कविता वाट पाहू शकते. दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी कोणी ती उघडली, तर अक्षरे जागच्या जागी असतात. नृत्याला ही सोय नाही. ते एका देहात असते आणि त्याला दुसऱ्या देहात जावे लागते. मधली अकरा वर्षे कोणी शिकले नाही, तर त्या अकरा वर्षांची एक पिढी कायमची गळते. १७ ऑगस्ट १९८८ला झिया विमान अपघातात गेले म्हणून त्या वर्षांतील मुली पुन्हा सात वर्षांच्या होत नाहीत.

याहून खोल हानी प्रेक्षकाची होते. काव्यशास्त्राच्या वर्गात सहृदय ही संकल्पना आपण मोठ्या उत्साहाने शिकवतो. ज्याच्या मनाचा आरसा काव्याच्या सततच्या परिशीलनाने निर्मळ झालेला आहे, तो सहृदय, असे अभिनवगुप्ताचे सांगणे आपण मुलांना लिहून देतो. ‘सततच्या परिशीलनाने’ या शब्दांवर मात्र आपण थांबत नाही. हे परिशीलन कुठे होते? कोण करू देते? त्याला किती वर्षे लागतात? रसचर्चेत सहृदय जणू जन्मतःच तयार होऊन सभागृहात येऊन बसलेला असतो. कराचीच्या उदाहरणात तो घडवावा लागतो, आणि न घडवल्यास नाहीसा होतो.

हे आम्हांला उमगले ते पुस्तकातून नव्हे, घरातून. आमची थोरली बहीण सत्तरच्या दशकात भरतनाट्यम् शिकत असे. आम्ही कल्याणला राहत होतो आणि तिचा वर्ग उल्हासनगरला, एका जुन्या बराकीतील खोलीत भरे. शिकवणाऱ्या बाई सिंधी होत्या. मुली त्यांना टीचर म्हणत. आठव्या वर्षी त्या आईवडिलांबरोबर कराचीहून आल्या होत्या आणि पुढे लोकलने माटुंग्याला जाऊन एका तमिळ गुरूंकडे नृत्य शिकल्या होत्या. ताईला सोडायला आम्ही जात असू आणि तास संपेपर्यंत बाहेरच्या ओट्यावर बसत असू. आतून लाकडी पाटावर दांडक्याचे ठोके, तमिळ बोल, मध्येच सिंधी वळणाच्या हिंदीतील दटावणी आणि मुलींचे मराठी कुजबुजणे, असे सारे एकदम ऐकू येई. कराचीचे नाव टीचरच्या तोंडी क्वचितच येई. त्या नुसते ‘घर’ म्हणत, आणि मुलींना वाटे की त्या बराकीतल्याच दुसऱ्या खोलीविषयी बोलत आहेत.

ताईचे अरंगेत्रम झाले नाही. अठराव्या वर्षी लग्न ठरले आणि घुंगरू माळ्यावर गेले. कोणी बंदी घातली नव्हती. सासरी कोणी वाईटही बोलले नाही. फक्त तिने नाचावे असे कोणाला वाटले नाही, आणि नंतर तिलाही वेळ मिळेनासा झाला. ही गोष्ट इतकी सामान्य आहे की तिला तक्रार म्हणणेही जड जाते. पण आज ती सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे आणि आम्ही तिच्याबरोबर नृत्याच्या कार्यक्रमाला जातो तेव्हा पाहतो : नर्तकीचा गुडघा पुरेसा वाकलेला नसला की ताईच्या कपाळावर आठी येते, तिल्लाना चढू लागला की तिची बोटे पदराखाली ठोके धरतात. आम्हांला न दिसलेली चूक तिला दिसते आणि न कळलेला आनंद तिला होतो. शेजारच्या खुर्चीतील आणि मागच्या रांगेतील कित्येक बायकांचे तसेच होत असते. त्या सगळ्या कधीतरी शिकल्या आणि कधीतरी थांबल्या.

भारतात शास्त्रीय नृत्याचा प्रेक्षक मुख्यतः अशा थांबलेल्या मुलींचा बनलेला आहे, असे आमचे निरीक्षण आहे. शंभर मुली अडवू शिकतात, नव्वद सोडून देतात, आणि त्या नव्वद जणींच्या डोळ्यांवर उरलेल्या दहांचे नृत्य जगते. सोडणे अन्यायाचे असेल, बहुधा असतेच. तरी शिकलेले डोळ्यांत शिल्लक राहते. झियाकाळातील कराचीत तुटली ती ही साखळी. पूर्ण नर्तकी होणाऱ्या दोघी-चौघी कशाबशा टिकल्या असत्या, पण अर्ध्यावर थांबणाऱ्या मुलीच घडल्या नाहीत. त्यामुळे नर्तकी रंगमंचावर आली तरी समोरच्या अंधारात तिची भाषा अर्धीमुर्धी जाणणारे कोणी उरले नाही.

किरमानी यांच्या पुढल्या आयुष्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. १९८८मध्ये भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती घेऊन त्या दिल्लीला आल्या. लीला सॅमसन यांच्याकडे भरतनाट्यम् आणि मायाधर राऊत यांच्याकडे ओडिसी शिकल्या. त्या वेळी त्यांची ओळख निर्माण झालेली होती, वय सदतिशीच्या आसपास होते. या वयात पुन्हा विद्यार्थिनी होणे आणि मग जेथे हे शिक्षण उपयोगी पडण्याची शाश्वती नाही तेथे परत जाणे, हा निर्णय आम्हांला त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिल्लीत प्रेक्षक तयार होता, गुरू होते, सभागृहे होती. त्या कराचीला परतल्या आणि शिकवू लागल्या.

त्यांनी बरोबर नेलेली परंपरा तरी कुठे सरळ, एकपदरी होती? लीला सॅमसन कलाक्षेत्रात रुक्मिणीदेवींच्या हाताखाली घडलेल्या. रुक्मिणीदेवींनी १९३६ साली ती संस्था उभी केली तेव्हा हे नृत्य मद्रासच्या सभ्य समाजात निंद्य होते, आणि ते ज्या देवदासींनी जपले त्यांच्या हातून ते कायद्याने निसटत चालले होते. मद्रास प्रांताचा त्याविषयीचा कायदा १९४७चा, आपल्या मुंबई इलाख्यातील त्याआधीचा, १९३४चा. त्याही मागे गेलो तर तंजावरचा मराठी दरबार लागतो. दुसऱ्या शरभोजींच्या आश्रयाने वाढलेल्या चार तमिळ बंधूंनी आजच्या भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमाचा क्रम बसवला, आणि खुद्द शरभोजी राजांच्या मराठी नृत्यरचना पुढे मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी रंगमंचावर आणल्या. तमिळ बंधू, मराठी राजा, ब्राह्मण सुधारक स्त्री आणि बहिष्कृत देवदासी अशा अनेक हातांतून आलेले हे नृत्य कराचीतील एका उर्दूभाषक मुस्लिम घरातील स्त्रीच्या देहात उतरले, तर त्यात परंपराभंग पाहणे अवघड आहे. उलट या नृत्याचा इतिहासच असा अनपेक्षित देहांत जाण्याचा आहे.

किरमानी यांची दुसरी बाजू रंगभूमीची. १९७९मध्ये त्यांनी काही मैत्रिणींसह तहरीक-ए-निसवाँ ही संस्था काढली. नावाचा अर्थ स्त्रियांची चळवळ. स्त्रियांचे प्रश्न घेऊन नाटके करायची आणि ती सभागृहात येऊ न शकणाऱ्या स्त्रियांपर्यंत, कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत न्यायची, हा तिचा मार्ग. जन नाट्य मंचाचे ‘औरत’ हे पथनाट्य त्यांनी कराचीत केले. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘लिसिस्ट्राटा’वरून ‘जंग अब नहीं होगी’ हे रूपांतर केले. या प्रयोगांत नृत्य आणि हालचाल यांना त्यांनी जागा दिली. नृत्य म्हणून जाहीर केलेले नृत्य चालत नसेल, तर ते नाटकाच्या पोटातून न्यावे, ही युक्ती आपल्या तमाशा-लोकनाट्याच्या इतिहासालाही अपरिचित नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. किरमानी यांचे मोठेपण नर्तकीचे की कार्यकर्तीचे, असे नृत्याचे जाणकार विचारू शकतील. त्यांच्याच काळातील भारतीय नर्तकींशी निव्वळ तंत्राच्या कसोटीवर तुलना केली तर निकाल काय लागेल? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. पण ती कसोटी कशी तयार होते हे आधी पाहू. तंत्राची उंची एकटीने गाठता येत नाही. तिला नट्टुवांगम करणारे, मृदंगम वाजवणारे, चुका काढणारे समकालीन, निर्दय समीक्षक आणि दर हंगामाचा सराव लागतो. हे सारे ज्या शहरात नाही तेथील नर्तकीला त्या मापाने मोजणे म्हणजे छापखाना नसलेल्या गावातील कवीला त्याच्या संग्रहांची संख्या विचारणे होय. दुसरे असे की, समीक्षेने कलाकृतीचे मूल्य पाहताना ती कोणत्या वाचकाला जन्म देते हेही पाहावे. आपल्याकडे संतकवितेचा विचार करताना आपण हे करतो. ओवी-अभंगाने जी ऐकणारी माणसे गावोगाव घडवली, ती वगळून त्या कवितेचे मूल्यमापन आपल्याला अपुरे वाटते. मग नृत्याला वेगळा न्याय का?

१६ फेब्रुवारी २०१७, गुरुवार. सिंधमधील सेहवान येथे लाल शहबाझ कलंदर यांच्या दर्ग्यात संध्याकाळी धमाल चालू असताना आत्मघाती स्फोट झाला. सुमारे ९० माणसे मेली. धमाल म्हणजे नगाऱ्यांच्या तालावर भाविकांनी देहभान विसरून केलेले नर्तन. त्यात बायकाही असतात, फकीरही, आणि सिंधचे हिंदूही. उल्हासनगरच्या देवळांतून ज्याचा जयजयकार होतो त्या झूलेलालचे नाव सेहवानच्या कलंदरांनाही लागलेले आहे. बॉम्ब टाकणाऱ्यांचा रोख या सरमिसळीवरच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीन वाजता दर्ग्याच्या सेवेकऱ्याने रोजच्याप्रमाणे घंटा वाजवली, आणि त्याच दिवशी भाविक धमालीला परतले. २० फेब्रुवारीला शीमा किरमानी तेथे पोचल्या आणि गर्दीच्या मधोमध नाचल्या. नाच आणि गाणे कोणी थांबवू शकत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली.

त्या चित्रफितीत आम्हांला नर्तकीइतकेच भोवतीचे लोक महत्त्वाचे वाटतात. सभागृहात जो प्रेक्षक किरमानी यांना वर्षानुवर्षे एकेक करून मिळवावा लागला, तो येथे आधीपासूनच उभा होता. त्याला मुद्रांचे अर्थ ठाऊक नव्हते, पण देहाने प्रार्थना करता येते हे त्याला आजोबा-पणजोबांपासून ठाऊक होते. सिंधमध्ये सहृदय मेला नव्हता. शहरातून उठून तो दर्ग्याच्या अंगणात जाऊन बसला होता. शास्त्रीय नर्तकीने तेथवर जाणे आणि त्याच्या तालावर, त्याच्या पद्धतीने नाचणे यात शास्त्राची पायरी उतरल्याची भावना कुठे दिसत नाही. परिशीलनाचे दोन वेगळे प्रवाह, एक वर्गातला आणि एक दर्ग्यातला, त्या दुपारी एकमेकांना भेटले.

त्याआधी चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०१६मध्ये, सिंधच्या खाजगी शाळांतून नृत्य शिकवण्यास मनाई करणारे एक सरकारी पत्रक निघाले होते आणि गदारोळानंतर मुख्यमंत्र्यांनी ते मागे घ्यायला लावले होते. लढाईचे ठिकाण पाहावे : रंगमंच नव्हे, शाळेचा वर्ग. मनाई करणाऱ्यांनाही नेमके कळलेले असते की नृत्य कोठे घडते आणि प्रेक्षक कोठे घडतो. २०१८च्या ८ मार्चला कराचीत पहिला औरत मार्च निघाला. त्याच्या संयोजक स्त्रियांत किरमानी होत्या. २०२२ साली ‘पसूरी’ हे गाणे आले, त्याच्या चित्रीकरणात सत्तरीच्या किरमानी नाचताना दिसल्या आणि त्यांचे नावही न ऐकलेल्या कोट्यवधी तरुणांनी, त्यात आमच्या वर्गातल्या मुलामुलींनीही, ते नृत्य पाहिले. ‘त्या बाई कोण?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले. त्या तासाला नेमलेली संकल्पना सहृदयाचीच होती, आणि उत्तर द्यायला तास पुरला नाही.

मोहेंजोदडोच्या उत्खननात १९२६ साली सापडलेली साडेदहा सेंटिमीटर उंचीची कांस्यमूर्ती आपण ‘नर्तकी’ म्हणून ओळखतो. ती खरोखर नाचते आहे असा पुरावा नाही. कमरेवर हात ठेवून ती नुसती उभी आहे. नर्तकी हे नाव पाहणाऱ्यांनी दिले. फाळणीनंतर ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात राहिली, आणि त्याच मोहेंजोदडोचा दाढीवाला ‘पुरोहित-राजा’ आज कराचीच्या संग्रहालयात आहे. या वाटणीवर विनोद करणे सोपे आहे. आम्हांला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते : चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या मुलीचे नृत्य, ते असलेच तर, आता कोणालाही ठाऊक नाही. धातू टिकला, पाऊल गेले, कारण ते पाऊल उचलणारा आणि ते ओळखणारा, दोघेही एकामागून एक थांबत गेले. कराचीतील एका खोलीत शीमा किरमानी यांनी आजवर मुलींना जे शिकवले, त्यातील बहुतेक जणी आमच्या ताईसारख्या थांबतीलही. त्या प्रेक्षकांत जाऊन बसल्या तरी पुष्कळ झाले.